बाळ्या, साखर आपोआप उतरली म्हणून पेढे वाटू नकोस

नौपाडा, ठाणे
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय बाळ्या,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू एवढा खुशीत होतास की मधे बोलायला माझी जीभ रेटेना. "गुहागरच्या हवेने साखर पळाली, उपाशीपोटी ९२ आली, गोळी अर्धी केली तरी चालतंय," असं तुझं चालू होतं आणि मागून वहिनी म्हणत होत्या, "पहाटे घाम फुटून थरथरत होते, तेही सांगा की." ते तू हसण्यावारी नेलंस. मला मात्र रात्रभर झोप नाही, म्हणून हे पत्र. व्हॉट्सअॅपवर लिहिलं असतं तर तू अंगठा दाखवून मोकळा झाला असतास.

जुलैत माझ्यावर काय बेतलं ते मी कुणालाच नीट सांगितलेलं नाही. तुलाही 'छोटीशी अँजिओप्लास्टी झाली' एवढंच कळवलं. झालं असं की दादरहून परत येताना ठाणे स्टेशनचा पूल चढत होतो. अर्ध्यावर दम लागला, शर्ट घामाने चिंब. छातीत कळ नाही, डाव्या हातात काही नाही. आणि जुलैत ठाण्यात घाम येणं ही काय बातमी आहे? सकाळची मिसळ बाधली असं समजून घरी आलो, आल्याचा रस घेतला, झोपलो. पुढचे चार दिवस आपल्याच इमारतीचा जिना चढताना तीच गत. पाचव्या दिवशी हिने रिक्षात घालून डॉक्टरकडे नेलं. ईसीजीचा कागद बघून ते म्हणाले, "झटका येऊन गेलाय." मी विचारलं, कधी? तर म्हणाले, "ते तुम्हीच सांगा."

वर्षानुवर्षं साखर चढी राहिली की पायांच्या नसा जशा बधिर होतात, तशाच हृदयाकडून दुखण्याचा निरोप आणणाऱ्या नसाही होतात. झटका येतो, पण कळ पोचत नाही. पोचतो तो नुसता दम, घाम, मळमळ, नाहीतर उगाचचा थकवा. सिनेमात छाती धरून कोसळतात ते बघून आपली पिढी वाढली, त्यामुळे छाती दुखली नाही म्हणजे हृदयाचं काही नाही, हे डोक्यात पक्कं बसलेलं.

पण तुला जे सांगायचंय ते पुढेच आहे. अँजिओग्राफीत जो डाय सोडतात तो मूत्रपिंडांना जड जातो, म्हणून आधी रक्तातलं क्रिएटिनिन बघतात, म्हणजे मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचा कचरा. माझं आलं १.४. लॅबच्या कागदावर मर्यादेला टेकून, एवढंच. मी म्हटलं, नॉर्मलच की. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी मोबाइलवर माझं वय, लिंग आणि क्रिएटिनिन टाकून ईजीएफआर काढला, म्हणजे मूत्रपिंडं किती गाळतात त्याचा अंदाज. ५७ आला. "काका, लघवीतलं अल्ब्युमिन, म्हणजे प्रथिन, कधी तपासलंय?" सतरा वर्षं मधुमेह, आणि एकदाही नाही. आमच्या नेहमीच्या दवाखान्यात उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर व्हायची, वर्षातून एकदा क्रिएटिनिन. कागदावर बाण नसला की डॉक्टरही खूश आणि मीही. त्यांनी सांगितलं नाही हे खरं, पण मी तरी कुठे विचारलं?

तू आणि मी पाणी खात्यात जन्म काढला, म्हणून आपल्या भाषेत सांगतो. माणशी १३५ लिटरचा हिशोब धरून आपण योजना आखायचो. शरीरातली ही दोन शुद्धीकरण केंद्रं दिवसाला सुमारे १८० लिटर गाळतात आणि त्यातलं दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळं परत लाइनीत घेतात. आपल्या टेमघरच्या जलशुद्धीकरण केंद्रालाही हे जमणार नाही. प्रत्येक मूत्रपिंडात साधारण दहा लाख बारीक गाळण्या. प्रत्येक गाळणीला एक आवक नळी, एक जावक नळी. साखर चढी राहिली की आवकीची चावी सताड उघडी पडते आणि जावकीची आवळली जाते. मधे प्रेशर किती चढेल ते चावीवाल्यालाही सांगता येईल. वर्षानुवर्षं त्या प्रेशरखाली गाळणी फाकते आणि रक्तातलं अल्ब्युमिन लघवीत गळायला लागतं. गंमत अशी की या सुरुवातीच्या काळात मूत्रपिंडं जास्तच गाळत असतात, त्यामुळे क्रिएटिनिन झकास दिसतं. ते वर सरकतं तोवर निम्मंअर्धं काम बसलेलं असतं. म्हणजे मीटर बिघाड दाखवतो तेव्हा लाइन कधीचीच फुटलेली असते. गळती आधी लघवीत सापडते, तीही साध्या लघवी तपासणीत बहुधा नाही. अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर मुद्दाम सांगून करून घ्यावं लागतं. ग्रॅममागे ३० मिलिग्रॅमच्या आत असलं की ठीक, ३०० च्या वर गेलं की भरपूर गळती. माझं २१०.

आणि ही गळती फक्त मूत्रपिंडाची नसते. जे अस्तर तिथे खराब झालं, तेच हृदयाच्या रक्तवाहिन्यांना आहे, डोळ्यांच्या पडद्यालाही आहे. मूत्रपिंडं कमकुवत झालेली कितीतरी माणसं डायलिसिसपर्यंत पोचतच नाहीत, त्याआधी हृदय दगा देतं. माझं उलटं झालं. हृदयाने दगा दिला म्हणून मूत्रपिंडं सापडली.

आता तुझी ९२. इन्सुलिन मोडून काढायचं बरंचसं काम मूत्रपिंडं करतात. ती थकली की इन्सुलिन रक्तात जास्त वेळ रेंगाळतं. तू साखरेसाठी घेतोस त्या ग्लिमेपिराइडचे शरीरात बनणारे अंशही मग हळूहळू बाहेर जातात. मग खाण्यात काही बदल न करता साखर उतरते, पहाटे घाम फुटतो, थरथर होते, आणि माणूस गावाच्या हवेला श्रेय देतो. तुझ्या बाबतीत हेच आहे असं मी म्हणत नाही. बागेत राबल्याने, चार किलो वजन उतरल्यानेही साखर कमी होते, आणि तसं असलं तर उत्तमच. पण संध्याकाळी पाय सुजून चपलेचा वळ उठतो, हेही तूच सांगितलंस ना?

माझ्या गोळ्या बदलल्या, त्याची एक गंमत सांगतो. एक आहे टेल्मिसार्टन. मला वाटायचं ती नुसती बीपीची. ती जावकीची चावी सैल करते. दुसरी डापाग्लिफ्लोझिन, ती आवकीची चावी आवळते आणि वर जादा साखर लघवीतून बाहेर काढते. पहिल्या महिन्यात लघवीत साखर चार प्लस आली आणि मी हबकलो. डॉक्टर हसले, "गोळी काम करतेय." याच जातीच्या एम्पाग्लिफ्लोझिनचा २०१५ साली सात हजारांवर मधुमेही हृदयरुग्णांवरचा अभ्यास आला. तपासायचं होतं एवढंच की हृदयाला अपाय तर होत नाही ना. निघालं असं की हृदयविकाराने होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी. नंतरच्या अभ्यासांत मूत्रपिंडांनाही फायदा दिसला. पेटंट संपल्यापासून डापा आणि एम्पा ही दोन्ही औषधं इथे पुष्कळ स्वस्त झाली आहेत. पण वाचून स्वतःच मेडिकलमधून आणू नकोस, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. सुरू केल्यावर ईजीएफआर थोडा खाली येतो, प्रेशर उतरतं ना, म्हणून. पोटॅशियम बघावं लागतं. उलट्या-जुलाब असतील, कडक उपास असेल, तेव्हा डापा थांबवायची असते. हे सगळं सांगायला डॉक्टर समोर हवा. आणि अर्ध्या केलेल्या गोळीचंही त्यालाच सांग.

गुडघ्यासाठी तू रोज घेतोस ती दुखण्याची गोळी मात्र बंद कर. डायक्लोफिनॅक काय, आयबुप्रोफेन काय, मूत्रपिंडांचा रक्तपुरवठाच कमी करतात, त्यातून तुला बीपी. 'किडनी साफ करणारा' तो काढाही कपाटातच राहू दे. मीठ दिवसाला चमचाभर, म्हणजे पाच ग्रॅम, असं मला सांगितलंय. सुकट आणि लोणच्याच्या घरात हे लिहितोय याची मलाच लाज वाटते. शहाळ्याचं मात्र रिपोर्ट आल्यावर ठरव. मूत्रपिंडं खरंच मंदावली असतील तर त्यातलं पोटॅशियम बाधतं. तुझ्या दारात अकरा माड, काय हा योग!

मी सध्या सकाळी कचराळी तलावाला चार फेऱ्या मारतो. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी एचबीए१सी सात टक्क्यांच्या आसपास आहे. बीपी १३० च्या आत. ऑक्टोबरात अल्ब्युमिन २१० वरून ९५ वर आलं. ईजीएफआर ५५, तो काही वर गेला नाही, आणि जाणार नाही असं डॉक्टरांनी सरळ सांगितलंय. जिना चढताना आता दम लागत नाही, पण पुलावर तीच पायरी आली की पाय आपोआप थांबतो. हिला हे सांगितलेलं नाही.

चिपळूणला जा, सकाळच्या पहिल्या लघवीचा नमुना दे, क्रिएटिनिन दे, ईसीजी काढ. ताप किंवा लघवीला जळजळ असेल तर आठवडाभर थांबून दे, नाहीतर आकडा उगाच फुगतो. वहिनींना सोबत ने. आणि रिपोर्ट आला की फोन करू नकोस, कागदाचा फोटो पाठव. फोनवर तू सगळं चांगलंच सांगतोस.

तुझा,
नाना