दुपारचा ओला बर्फ धोक्याचा

परीक्षा संपल्या की मुंबईकर कुटुंबे काश्मीर-मनालीकडे निघतात. गेल्या एप्रिलमध्ये आम्हीही गुलमर्गला गेलो होतो. सहल कंपनीने स्नो स्कूटरची फेरी ठरवली ती दुपारी २ वाजता! सकाळी टणक असलेल्या बर्फात तेव्हा पाय गुडघ्यापर्यंत रुतत होता आणि वरच्या उतारावरून बर्फाचे गोळे आपोआप घरंगळत येत होते. मी मुलांना स्कूटरवर बसू दिले नाही. पैसे गेले ते गेले.

उन्हाने वितळलेले पाणी थरांत झिरपले की बर्फाची पकड सुटते आणि ओला बर्फ दरड कोसळावी तसा खाली येतो. थांबला की सिमेंटसारखा घट्ट बसतो. आत अडकलेल्याला हातही हलवता येत नाही. ४ एप्रिल २०२३ रोजी सिक्कीममध्ये नथू ला रस्त्यावर हिमस्खलनात ७ पर्यटकांचा जीव गेला, तोही भर दुपारी.

वसंतातल्या या फेऱ्या सकाळी लवकर आणि उभ्या उतारांपासून दूरच व्हाव्यात. चंदीगडची डीजीआरई ही संरक्षण संशोधन संस्था हिमस्खलनाचे इशारे देते. ते सहल कंपन्यांनी निघण्यापूर्वी पर्यटकांना वाचून दाखवावेत.

– एक वाचक, मुलुंड, मुंबई