पार्लरवाल्या ताई, तुम्ही त्या दिवशी कात्री उचलली नाही म्हणून

ताई, तोंडावर सांगायला गेलं की तुम्ही "बसा हो, चहा घ्या" म्हणून विषयच उडवता, म्हणून इथं लिहायलेय, सगळ्यांच्या देखत.

डिसेंबरात मी डोक्याला स्कार्फ गुंडाळून तुमच्याकडं आले होते बघा. त्याआधी लातुरातच दुसऱ्या एका ठिकाणी कमरेपर्यंतचे केस कापून घेतले, त्यांनी ओले केस ताणून धरून कापले, वाळल्यावर ते दोन बोटं वर चढले, एक बाजू कानाजवळ अन् दुसरी हनुवटीला, मागून तर निस्ती छत्री. सासूबाई म्हणाल्या, एवढा शेपटा गुंतावळवालीला दिला असता तर दोन पातेली तरी आली असती. हसावं का रडावं कळेना.

तुम्हाला मोबाईलमधला फोटो दाखवला, चकचकीत सरळ बॉब, म्हणजे मानेपर्यंतचा आखूड कट, म्हटलं अस्साच पाहिजे अन् आजच. तुम्ही फोटो बघितला न बघितल्यासारखं केलं, माझी मान खाली घातली अन् मानेवरचे केस बोटानं उलटे सारून बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणालात, "डाव्या बाजूला भोवरा हाय, म्हणून ती बाजू उडायलीय. आज कापलं तर अजून वर जाईल. सहा आठवडे थांबा." मी म्हटलं मग स्मूदनिंग (औषध लावून केस सरळ करतात ते) तरी करा, तर म्हणे कापण्यातली चूक औषधानं झाकायची नसती, अन् त्यातली काही औषधं गरम केली की फॉर्मल्डिहाइड सुटतं, डोळे चुरचुरतात, मी ठेवतच नाही. आलेलं गिऱ्हाईक असं कोण परत पाठवतं हो? रुपया घेतला नाहीत. मी तेव्हा मनातून चिडलेच होते, खरं सांगते.

केस महिन्याला सेंटीमीटरभर वाढणार, तेवढ्यासाठी क्लिपा लावून दिवस काढले. मग फेब्रुवारीत तुम्ही केस आधी पूर्ण वाळवून, भोवऱ्याच्या जागी जरा लांब ठेवून, म्हणजे वजनानं खाली बसतील असे कापलेत, चेहरा गोल म्हणून पुढची टोकं हनुवटीच्या दोन बोटं खाली, अन् भांग मधला काढून बाजूला. कापता कापता सांगत होता की १९६३ साली लंडनच्या विडाल ससून या केस कापणाऱ्यानं नॅन्सी क्वान या नटीचे लांबलचक केस असेच बॉब केले होते, रोलर नाही स्प्रे नाही, कटनंच आकार धरला पाहिजे हा त्याचा हट्ट. लातूरच्या गल्लीत हे ऐकताना लई भारी वाटलं.

पण खरी कसोटी घरी होती, आमचं बोअरचं पाणी म्हणजे बादलीलासुद्धा पांढरा थर धरतंय. तुम्ही सांगितल्यापास्नं शेवटचा एक तांब्या फिल्टरच्या पाण्याचा घेते. २०१६ ला ज्या गावात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तिथं केसांना फिल्टरचं पाणी, यावर सासूबाई काय बोलल्या ते लिहीत नाही. ड्रायरचं तोंड वरून खाली, मुळाकडून टोकाकडं, हे एवढं एकच नीट जमलं तरी निम्मं काम होतंय. स्ट्रेटनर आठवड्यातून दोनदाच, केस पूर्ण कोरडे झाल्यावर, आधी हीट प्रोटेक्टंट (उष्णतेपासून केस वाचवणारं औषध) मारून, १८० डिग्रीच्या वर नाही, एका बटेवर एकदाच फिरवायचं. सीरम दोन थेंब, निस्तं टोकांना (मी एकदा मुळांना लावलं, दिवसभर तेल थापल्यासारखं दिसायलं). जुन्या साटनच्या परकराचा अभ्रा शिवलाय, सकाळी केस कमी विस्कटतात.

सातवा आठवडा लागलाय, मानेवरची रेष मोडायला लागली, शुक्रवारी येतेय. नणंद पण येणारय सोबत, तिच्याही मोबाईलमध्ये फोटो आहे, तिचा भोवरा आधी बघा. अन् धपाटे आणते, दही पण, मागच्या वेळी माझ्या टोकांपायी तुमचा डबा तसाच राहिला होता.