सूचना : नवीन माणसाला सभेला आणताना

सर्व सभासदांना कळकळीची विनंती. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या (दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याचा गट) सभेला कुणाला आणणार असाल तर आधी सभा खुली की बंद ते विचारा. बंद सभा फक्त दारूचा त्रास असणाऱ्यांसाठी असते; बायको, भाऊ सोबत असतील तर खुल्या सभेलाच या. घरच्यांसाठी अल-ॲनॉन हा वेगळा गट आहे. फी नाही, बोलायची सक्ती नाही, आडनाव कुणी विचारू नये.

कितीतरी जण जिन्यापर्यंत येऊन चप्पल न काढताच परत फिरतात. म्हणून १० मिनिटं आधी एकाने खाली थांबावं.

रोज पिणाऱ्याला 'आजपासून बंद' असं परस्पर सांगू नका. एकदम सोडल्यावर हात थरथरतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढे भास होतात, जिवावर बेततं. आधी डॉक्टरांना दाखवा. व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन : १४४४६, मोफत.