बाबांच्या गोळ्या आणि ती तेलाची बाटली

ती. आई-बाबांस,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

हे पत्र लिहायला मला तीन दिवस लागले, कारण जे सांगायचे आहे ते मी आधीच करून बसले आहे. दर शुक्रवारी आपल्याकडे प्रार्थनेला येणाऱ्या त्या सेवकांना मी फोन करून, यापुढे घरी येऊ नका, असे सांगितले. तुम्हाला न विचारता सांगितले, याची टोचणी मनाला आहेच. पण गेल्या वेळी बाबांचा चष्मा शोधायला मी कपाटाचा खण उघडला, तेव्हा रक्तदाबाच्या गोळ्यांची अख्खी पाकिटे, एकही गोळी न फोडलेली, त्या अभिषेकाच्या तेलाच्या बाटलीखाली दिसली. रक्तदाब बहुतेकदा दुखत नाही, म्हणून गोळी सोडल्यावरही बरेच आहे असे वाटते. आत हृदयावर, मेंदूतल्या रक्तवाहिन्यांवर आणि मूत्रपिंडांवर ताण चालूच राहतो. माईंच्या वेळचे आपल्यापैकी कोणीच विसरलेले नाही.

बाबा, तुम्ही म्हणालात की, कोणी न सांगितलेली गोष्ट त्या सेवकांनी ओळखली. मी ते खोटे म्हणत नाही. पण प्रेषितांच्या कृत्यांच्या १६व्या अध्यायातली फिलिप्पैची ती दासी आठवा, तुम्हीच आम्हाला शिकवली होती. प्रेषित पौल आणि त्याच्या सोबत्यांविषयी, हे परात्पर देवाचे दास आहेत, असे ती ओरडून सांगत होती आणि ते अक्षरशः खरे होते. तरी पौलाने तिच्यातल्या भविष्य सांगणाऱ्या आत्म्याला निघून जायला सांगितले. तिच्या धन्यांची कमाई त्याच आत्म्यावर चालली होती. जुन्या करारातल्या अनुवाद या पुस्तकाचा १३वा अध्याय तर सांगतो की, चिन्ह खरे ठरले तरी ते दाखवणारा तुम्हाला कोणाकडे नेतो ते पाहा. म्हणून मी एवढेच पाहिले, की तो माणूस उठून गेल्यावर आपल्या घरात मागे काय राहते. आईची झोप उडते. गोळी घेतली म्हणजे विश्वास डळमळला, असे तुम्हाला वाटू लागते. आणि हे पाळकसाहेबांच्या कानावर घालू नका, ही ताकीद. मला सर्वांत जास्त भीती तिचीच वाटली.

तेलाला मी वाईट म्हणत नाही. आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना, म्हणजे वडीलधाऱ्या पुढाऱ्यांना, बोलवावे, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, हे याकोबानेच लिहिले आहे. पण मोशेने देवाच्या आज्ञेने केलेला पितळी सर्पही लोक त्याला धूप जाळू लागल्यावर हिज्कीया राजाला फोडावा लागला. त्याच हिज्कीयाच्या गळवावर यशया संदेष्ट्याने अंजिरांचा लेप लावायला सांगितला होता; देवाने बरे करण्याचे वचन दिले होते, तरीही. आणि पौलाने आपला सोबती त्रफिम याला मिलेत शहरात आजारी सोडले, तेव्हा त्याच्या विश्वासावर बोट ठेवले नाही.

आई, मला ताप चढला की तू एका हाताने कपाळावरची ओली घडी दाबून धरायचीस, दुसऱ्या हातात औषधाचा चमचा असायचा आणि ओठांवर १२१वे स्तोत्र. औषध कडू म्हणून मी तोंड फिरवले, तर स्तोत्र मध्येच थांबवून तू मला रागवायचीस, आणि मग पुन्हा तिथूनच सुरू करायचीस. विश्वास म्हणजे काय ते मी तिथेच शिकले, म्हणून आज तुझ्यावरच रागवायला जीभ धजत नाही.

शुक्रवारची प्रार्थना बंद होणार नाही. पाळकसाहेबांशी मी बोलले आहे. ते आणि मंडळीतले दोघे वडील येतील, गीते तीच असतील, बाबांची खुर्ची खिडकीशीच राहील, आणि आईला गुडघे टेकवत नसतील तर तिने बसूनच प्रार्थना करावी, देवाला ते चालते. वारांचे कप्पे असलेली गोळ्यांची डबी पाठवते आहे. बाबा, ती पवित्र शास्त्राशेजारी ठेवा, म्हणजे सकाळचे वाचन झाले की विसर पडणार नाही. पण इतके दिवस खंड पडला आहे, तेव्हा या आठवड्यातच डॉक्टरांकडे जा, झाले ते सगळे त्यांना सांगा, आणि ते म्हणतील त्याच मात्रेने सुरू करा. लाजू नका. त्या सेवकांचा पुन्हा फोन आला, तर वाद घालू नका, मुलीशी बोला एवढेच म्हणा; जे काही वाईट बोलायचे ते मी बोलेन. आतापर्यंत त्यांना जे दिले त्याचा हिशेब मी कधीही मागणार नाही, तुम्ही ते देवाला म्हणून दिलेत.

डॉक्टरांकडून आल्यावर त्या रात्री मला फोन करा. आई, तू शेवटी १२१वे स्तोत्र म्हण, मी इकडून ऐकेन.

तुमची,
धाकटी