सव्वा महिना संपल्यावर बाळंतिणीला कोण विचारते?

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

बाळंतपणात होणाऱ्या फिस्टुलाचे, म्हणजे रात्रंदिवस लघवी झिरपत राहणाऱ्या भोकाचे, निर्मूलन व्हावे म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या वतीने २०१३ पासून २३ मे हा दिवस पाळला जातो. आपल्याकडे तो येतो कधी आणि जातो कधी, हे कुणाला कळतही नाही. ग्रामीण भागात एकतीस वर्षे आरोग्यसेविका म्हणून काम करून मी निवृत्त झाले आहे. त्या काळात पाहिलेल्या बायकांच्या वतीने एक गोष्ट मांडावी म्हणून हे पत्र लिहीत आहे. बाळंतपणातल्या दुखापतींवर उपचार आहेत. परंतु त्या उपचारांपर्यंत पोहोचायला, आणि उपचार झाल्यावर पुन्हा चारचौघींत येऊन बसायला बाईला जो आधार लागतो, तो आपण कधी उपचाराचा भाग म्हणून धरलेलाच नाही.

या दुखापती साधारण तीन प्रकारच्या असतात. पहिली म्हणजे अंग बाहेर येणे, म्हणजे गर्भाशय किंवा योनीची भिंत खाली सरकणे. लागोपाठची बाळंतपणे आणि बाळंतपणानंतर लगेच उचललेली ओझी यांमुळे ती वाढते. दुसरी म्हणजे प्रसूतीच्या वेळी खालची जागा गुदद्वारापर्यंत फाटणे. ती नीट ओळखून त्याच वेळी शिवली गेली नाही, तर पुढे वायू आणि शौचावर ताबा राहत नाही. तिसरी म्हणजे फिस्टुला. बाळाचे डोके तासन् तास अडकून राहिले की आई आणि बाळ यांच्या हाडांमध्ये मूत्राशयाची भिंत दाबली जाते, तिथला रक्तपुरवठा थांबतो, काही दिवसांनी तो भाग गळून पडतो आणि तिथून लघवी रात्रंदिवस झिरपत राहते. प्रसूती दवाखान्यात होऊ लागल्यापासून हा तिसरा प्रकार आपल्याकडे पुष्कळ कमी झाला, हे खरेच आहे. पहिले दोन मात्र आजही गावोगाव आहेत.

माझ्या उपकेंद्रात एक बाई तिसऱ्या मुलाला लस टोचायला आणायची आणि दर वेळी दाराजवळ, सगळ्यांपासून अंतर राखून बसायची. सकाळपासून पाणी पीत नसे. पाणी प्यायले नाही की लघवी कमी होईल, असा तिचा हिशोब होता. प्रत्यक्षात त्यामुळे लघवी अधिक दाट होते, जळजळ वाढते आणि ज्या वासाला ती भीत होती तो वासही वाढतो. जुन्या लुगड्याच्या घड्या करून ती वापरायची आणि त्या धुऊन वाळत घालायच्या त्या घराच्या मागच्या बाजूला, दुसऱ्या कपड्याखाली झाकून. चार वर्षे तिने हे कुणाला सांगितले नव्हते. एके दिवशी सगळ्या बायका निघून गेल्यावर ती हळूच म्हणाली, "ताई, माझं अंग येतं बाहेर."

ग्रामीण रुग्णालयात तिला अंग जागेवर धरून ठेवणारी, आत बसवायची रिंग मिळाली आणि पुष्कळ आराम पडला. परंतु डॉक्टरांनी जड उचलू नकोस असे सांगितले, आणि खरी अडचण तिथून पुढे सुरू झाली. विहिरीवरून पाणी कोण आणणार? पंधरा लिटरच्या हंड्याचे वजन पंधरा किलोहून अधिक होते आणि घराला दिवसाकाठी असे पाच-सहा हंडे लागायचे. मी घरी जाऊन सासूबाईंशी बोलले. त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या की त्यांनाही गेली वीस वर्षे हाच त्रास आहे, बाईच्या जातीला हे असायचेच असे त्या समजत होत्या. दुसऱ्या दिवसापासून पाणी आणायचे काम मुलाकडे गेले. त्या घरात रिंगेइतकेच मोल या बदलाचे होते, असे मी आजही मानते.

लपवण्यामुळे उपचारही अवघड होतो. फिस्टुला लहान असेल आणि पहिल्या काही आठवड्यांतच लक्षात आला, तर लघवीची नळी ठेवल्याने तो कधी कधी आपोआप भरून येतो. महिने-वर्षे उलटल्यावर मात्र शस्त्रक्रियेवाचून इलाज उरत नाही. म्हणजे लाजेने गेलेला प्रत्येक आठवडा बाईच्या शरीरावर उमटतो.

डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत केलेला अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग आढळले होते आणि त्याआधी तपासणी झालेल्या स्त्रिया जेमतेम ८ टक्के होत्या. त्याच गडचिरोलीतून नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घेण्याची पद्धत पुढे देशभर गेली. ती गेली हे फार चांगले झाले. बायकांच्या त्या मुक्या आजारांच्या शोधाला मात्र तेवढी वाट मिळाली नाही, याची खंत वाटते.

आज महाराष्ट्रात सुमारे ९५ टक्के प्रसूती रुग्णालयात होतात. त्यानंतर आशाताई बाळाच्या बेचाळिसाव्या दिवसापर्यंत ठरलेल्या भेटी देतात. त्या भेटींचा मुख्य भर बाळाचे वजन, ताप आणि अंगावर पिणे यांवर असतो. घरातही तसेच. डिंकाचे लाडू होतात, अळिवाची खीर होते, शेकशेगडी होते, पण "लघवी राहते का? खाली काही जड वाटते का?" हे विचारणारे कुणी नसते. आणि सव्वा महिन्याची ही विश्रांती तरी सगळ्यांच्या नशिबी कुठे आहे? रोजंदारीवर जाणारी बाई पंधराव्या-विसाव्या दिवशी निंदणीला वाकलेली मी पाहिली आहे. सव्वीस आठवड्यांच्या पगारी रजेचा कायदा तिच्यापर्यंत पोहोचत नाही.

उपचार आणि आधार वेळेवर मिळाला नाही की काय होते, हे बीड जिल्ह्याने दाखवून दिले आहे. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीपुढे आलेल्या माहितीनुसार, सर्वेक्षण झालेल्या ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. त्यामागे अनेक कारणे आहेत आणि त्या सगळ्यांचा संबंध बाळंतपणाशी नाही. परंतु अंगावरून जाणे, ओटीपोट दुखणे, खाली जड वाटणे अशा तक्रारी घेऊन आलेल्या बाईला व्यायाम, रिंग किंवा विश्रांती यांतले काहीच परवडत नसेल, तर पिशवी काढून टाकणे हाच एक मार्ग तिच्यासमोर उरतो.

म्हणून माझी पहिली विनंती आरोग्य विभागाला आहे. बाळाची दीड महिन्याची लस घ्यायला जवळजवळ प्रत्येक आई येते. त्याच दिवशी तिला पाच मिनिटे आडोशाच्या खोलीत नेऊन वरचे दोन-तीन प्रश्न विचारावेत, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम शिकवावा, आणि गरज दिसल्यास आशाताईने तिला एकटीला न पाठवता सोबत रुग्णालयात न्यावे. त्याचा प्रवासखर्च आणि आशाताईचा मोबदला ठरवून द्यावा. शस्त्रक्रिया झालेल्या बाईला तीन महिने जड काम करता येत नाही. रुग्णालयाचा खर्च एखाद्या योजनेतून भागला तरी त्या तीन महिन्यांची बुडालेली मजुरी तिला कोणी भरून देत नाही. त्या मजुरीची तरतूद झाल्याशिवाय अनेक जणी शस्त्रक्रियेला तयारच होणार नाहीत.

दुसरी विनंती बचत गटांना. इथिओपियात आदिस अबाबा येथे हॅम्लिन या डॉक्टर दांपत्याने १९७४ मध्ये फिस्टुलासाठी रुग्णालय उभारले. पुढे या शस्त्रक्रिया स्वतः करू लागलेल्या मामितू गाशे मुळात उपचारासाठीच आलेल्या होत्या. आपल्याकडे एवढे लगेच होईल असे नाही. पण ज्या बाईने रिंग वापरली आहे किंवा टाके पुन्हा घालून घेतले आहेत, तिने गटाच्या बैठकीत एकदा उघडपणे तसे सांगितले, तर त्याचा जो परिणाम होतो तो माझ्या दहा भाषणांनी झाला नाही. वर सांगितलेल्या त्या बाईने पुढे गावातल्या चौघींना स्वतः रुग्णालयात नेले.

शेवटची विनंती आपल्याला. आपल्या आरोग्यविषयक पानावर 'अंग बाहेर येणे' आणि 'शौचावर ताबा न राहणे' हे शब्द 'स्त्रियांच्या नाजूक समस्या' अशा मोघम मथळ्याखाली न झाकता सरळ छापावेत, आणि त्यासोबत कोणत्या सरकारी रुग्णालयात यावर उपचार मिळतो हेही द्यावे. वाचता न येणाऱ्या बाईला ते तिची शाळेत जाणारी मुलगी वाचून दाखवील.

कळावे,

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका