मधले चार महिने

प्रिय बाळा,

काल फोनवर तू विचारलंस, "नोकरी संपल्यावर कोर्स सुरू होईपर्यंत चार महिने घरी राहिले तर चालेल ना, बाबा?" मी "अगं, विचारतेस काय, ये की" एवढंच म्हणालो आणि फोन आईकडे दिला. नंतर रात्री झोप लागेना. तुझ्या त्या "चालेल ना"मधला संकोच माझ्या ओळखीचा आहे.

तुझ्या जन्माआधी माझी पहिली नोकरी गेली, तेव्हा मीही असाच आईवडिलांकडे जाऊन राहिलो होतो. दुसरी मिळायला पाच महिने लागले. तेवढ्या काळात तुझ्या आजोबांनी नोकरीचा विषय एकदाही काढला नाही. मी धरून चाललो, की ते नाराज आहेत. सकाळी जागा असूनही अंथरुणात पडून राहायचो आणि ते बाहेर पडून कडी वाजली की उठायचो. पुष्कळ वर्षांनी आजीनं सांगितलं, माझी झोप मोडू नये म्हणून ते दिवा न लावता अंधारातच कपडे चढवायचे. तोवर ते गेले होते.

म्हणून आपण आधीच बोलून ठेवू.

तुझ्या खोलीत आता आईचं शिलाई मशीन आहे. ती ते हलवायला निघाली होती, मीच थांबवलं. खोली पुन्हा तुझ्या दहावीच्या वर्षासारखी लावली, तर तूही तशीच वागायला लागशील आणि आम्हीही. कपाट रिकामं केलंय, टेबल खिडकीशी सरकवलंय. मशीन कधी चालवायचं ते तुम्ही दोघी ठरवा.

जुन्या घरात जुन्या सवयी फार लवकर अंगात येतात, नव्या मात्र सावकाश लागतात. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर १२ आठवडे अभ्यास केला होता. रोजची एखादी नवी गोष्ट आपसूक व्हायला साधारण ६६ दिवस लागतात असं त्यांना दिसलं; कुणाला १८, तर कुणाला त्यांच्या पुढच्या अंदाजानुसार २५४. मधे एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडत नाही, हेही दिसलं. चार महिने म्हणजे सुमारे १२० दिवस. त्यात एखादी सवय पक्की होऊ शकते, पण दहा नाही. तू दहांची यादी करशील, मला माहीत आहे. पहिले पंधरा दिवस तर काहीच करू नकोस, फक्त झोप. फोनवर तुझा आवाज फार थकलेला वाटतो गं.

पैशांचं थोडक्यात सांगतो. घरखर्चाला काही देऊ नकोस, तुझी शिल्लक शिक्षणासाठी राहू दे. कंपनीकडून मिळालेला आरोग्य विमा बहुधा नोकरीबरोबरच संपतो. शेवटच्या दिवसाआधी चौकशी कर, आणि अनुभवाचं पत्र हातात घेतल्याशिवाय निघू नकोस.

कुठे जातेस, कधी येशील, हे आम्ही विचारणार. इतकी वर्षं तुला कुणी विचारलेलं नाही, त्यामुळे तुला ते टोचेल. उशीर होणार असेल तर एक ओळ कळव, म्हणजे आम्ही जागत बसणार नाही. "आता पुढे काय?" असं कुणी नातेवाईक विचारू लागले, तर उत्तर मी देईन. पण मला स्वतःला काही विचारायचं असेल तेव्हा मी सरळ विचारेन, गप्प बसणार नाही. तुलाही माझ्या गप्प बसण्याचा अर्थ लावत बसावं लागू नये.

आणि तुझ्या येण्याचा मला खूप आनंद झालाय. फोनवर हे आधी म्हणायला हवं होतं. तू गेलीस तेव्हा अठराची होतीस. मोठी झालेली तू मला सुट्टीच्या चार-चार दिवसांत तुकड्यातुकड्यानंच भेटली आहेस.

तिकीट काढलंस की वेळ कळव. मध्यरात्रीची गाडी असली तरी मी घ्यायला येतो. दाराची एक किल्ली तुझ्यासाठी करून ठेवली आहे, येताना खिशात घेऊन येईन.

तुझा,
बाबा