सत्कारांनी खाल्लेला मारवा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात ‘सुरांच्या शिडकाव्यात रसिक चिंब’ या मथळ्याखाली रविवारच्या मैफलीचे वृत्त वाचले. मी स्वतः त्या मैदानावर सहाव्या रांगेत बसलो होतो आणि चिंब झालोच असेन तर तो दवाने. गायिकेने ‘मारव्याने मैफलीची सुरुवात करून श्रोत्यांना मंत्रमुग्ध केले’ असे आपल्या प्रतिनिधीने लिहिले आहे. मारवा हा सूर्यास्ताच्या वेळचा राग निमंत्रणपत्रिकेत होता हे खरे; परंतु त्या संध्याकाळी तो कोणीही गायले नाही. का गायले नाही, हे सांगण्यासाठी हा पत्रप्रपंच.

पत्रिकेवर ‘ठीक साडेपाच’ असे छापलेले होते आणि ‘ठीक’ या शब्दाखाली रेघही मारलेली होती. डिसेंबरात पुण्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे संधिप्रकाशाच्या रागासाठी याहून योग्य वेळ शोधून सापडली नसती. ज्या कोणी ही वेळ ठरवली, त्याला गाण्यातले कळत असले पाहिजे. दुर्दैवाने व्यासपीठाची सूत्रे दुसऱ्याच कोणाच्या हाती होती. दीपप्रज्वलन सहाला दहा मिनिटे कमी असताना झाले. त्यानंतर प्रास्ताविक, एका गृहप्रकल्पाची चित्रफीत आणि सात जणांचे सत्कार झाले. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ आणि पगडी असा प्रत्येकी ऐवज होता. त्यातली पगडी दोघांच्या डोक्याला काही केल्या बसेना, तेव्हा ती त्यांनी हातात धरून छायाचित्र काढून घेतले, आणि तेच छायाचित्र आपण चार स्तंभांत छापले आहे. त्यात गायिका नाही, सरोदवादक नाही; साथीदारांची तर गोष्टच सोडा.

या सगळ्या काळात मंचाच्या एका कडेला पडद्याआड दोन विद्यार्थिनी तानपुरे लावून बसल्या होत्या. मारव्यात पंचम (प) हा स्वर वर्ज्य असल्याने पहिली तार निषादावर (नी) मिळवलेली होती. उघड्या मैदानावर सूर्य गेला की गारवा झपाट्याने उतरतो आणि तारा जागच्या हलतात, त्यामुळे प्रत्येक भाषणानंतर त्या पोरी कान तुंब्याजवळ नेऊन पुन्हा जुळवणी करत होत्या. सात वाजून दहा मिनिटांनी गायिका स्थानापन्न झाल्या, त्यांनी एकदा काळ्याकुट्ट आकाशाकडे पाहिले आणि हसून विद्यार्थिनींना तार पंचमावर घ्यायला सांगितले. मारव्याची वेळ गेली, एवढे एकच वाक्य त्या बोलल्या. नंतर त्यांनी शुद्ध कल्याण हा रात्रीचा राग गायला आणि तो उत्तम गायला, याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु सत्कारमूर्तींपैकी एकही तो ऐकायला थांबला नव्हता. पहिल्या तीन रांगा ‘निमंत्रितांसाठी राखीव’ अशी फीत बांधून शेवटपर्यंत रिकाम्या राहिल्या आणि आम्ही तिकीट काढलेले मागे खुर्चीला खुर्ची लावून बसलो होतो.

रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो, हे आता सर्वांच्या अंगवळणी पडले आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत उघड्या जागेसाठी तशी तरतूद आहे, आणि राज्य शासनाला वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस ती मर्यादा मध्यरात्रीपर्यंत शिथिल करता येते. नियमाबद्दल कुरकुर करण्यात अर्थ नाही. १९५३ साली पं. भीमसेन जोशी यांनी गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव एके काळी रमणबागेत रात्र रात्र चाले आणि समारोपाची भैरवी उजाडताना ऐकू येई. मी ती कांबळ पांघरून ऐकलेली आहे. पुढे वेळेचे बंधन आले तेव्हा सत्रे दुपारपासून भरू लागली. त्यामुळे मध्यरात्रीचा दरबारी राग दुर्मिळ झाला खरा, पण मुलतानी आणि पटदीप या दुपारच्या रागांना त्यांच्या हक्काची वेळ मिळाली. म्हणजे घड्याळाशी जुळवून घेता येते. फक्त दहाची मर्यादा ठाऊक असतानाही आरंभीचे शंभर मिनिटे उधळायचे आणि मग कलाकाराने आटोपते घ्यावे अशी अपेक्षा करायची, हे जुळवून घेणे नव्हे. त्या रात्री सरोदवादकांचा जोड, म्हणजे आलापानंतरचा लयबद्ध भाग, रंगात आला असताना एक कार्यकर्ता मंचाच्या पायरीवर उभा राहून मनगटावरचे घड्याळ बोटाने दाखवू लागला. त्यापुढचा ‘झाला’ हा द्रुत भाग दोन-तीन मिनिटांत उरकला गेला. तबल्यासोबतची गत वाजलीच नाही. आभारप्रदर्शन मात्र दहाला चार मिनिटे असताना सुरू होऊन बरोबर दहाला संपले. तेवढे एक ‘ठीक’ वेळेत झाले म्हणायचे.

व्याख्यानांची कथा वेगळी नाही. विद्यापीठांचे गाव म्हणून आपण मिरवतो आणि थंडीत रोज संध्याकाळी कुठे ना कुठे विद्वानांना बोलावतो, पण गेल्याच पंधरवड्यात एका सभागृहात वक्त्यांचा परिचय अठरा मिनिटे चालला आणि ‘वेळेअभावी’ प्रश्नोत्तरे रद्द झाली. वक्ते माझ्याजवळून जिना उतरत असताना त्यांच्या हातात निम्मी न वाचलेली टिपणे होती. असो.

जाता जाता आपल्याच दैनिकाविषयी. ‘आजचे कार्यक्रम’ हे सदर पूर्वी चष्मा न लावता वाचता येत असे. आता त्याचा टंक मुंगीएवढा झाला आहे आणि मागील बुधवारी त्यात मंगळवारचा कार्यक्रम छापून आला. त्यावर विसंबून मी व माझी पत्नी रिक्षाला एकशे दहा रुपये देऊन एका कुलूप लावलेल्या दारापाशी जाऊन उभे राहिलो. रखवालदाराने आम्हाला बसायला स्वतःची खुर्ची दिली, हे त्याचे सौजन्य.

रविवारच्या वृत्ताची दुरुस्ती आपण छापालच अशी आशा आहे. छापताना रागाचे नाव कृपया ‘शुद्ध कल्याण’ असे पूर्ण द्यावे. नुसते ‘कल्याण’ छापल्यास आपल्या प्रतिनिधीला ते मध्य रेल्वेचे स्थानक वाटण्याचा संभव आहे.

आपला,
एक तिकीट काढून येणारा श्रोता,
सदाशिव पेठ, पुणे
(नाव प्रसिद्ध करू नये, पुढील वर्षीही याच मैदानावर बसायचे आहे.)